गिऱ्हाईकाच्या लक्षात काय राहतं? घरगुती मसाले-भाजणी विकणाऱ्यांसाठी

मागच्या डिसेंबरात सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रदर्शन होतं, तिथे मी टेबल लावलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक काकू आल्या, टेबलावरून नजर फिरवली, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं मागच्या वर्षी मी इथूनच कुणाकडून तरी गोडा मसाला घेतला होता, नाव नाही आठवत बघ, पण पिवळ्या झाकणाची बरणी होती. तुझीच का गं ती?" माझीच होती. पण त्या वर्षी मी झाकणं बदलून पांढरी केली होती, कारण पिवळी झाकणं होलसेलवाल्याकडे संपली होती आणि मला वाटलं झाकणाला काय बघायचंय, आतला माल तोच आहे ना. काकू बोलक्या होत्या म्हणून त्यांनी विचारलं तरी. न विचारता पुढे गेलेल्या किती असतील याचा हिशोब मला कधीच लागणार नाही, आणि ते अजून मनाला लागून राहिलंय.

मी १३ वर्षं मसाले, थालीपिठाची भाजणी, मेतकूट विकतेय. मूळची सांगलीची, आता पुण्यात. ह्या वर्षांत गिऱ्हाईक कसं शिकतं, काय लक्षात ठेवतं, पैसे काढायला हात कधी पर्समध्ये जातो हे टेबलाच्या ह्या बाजूने बघत आले, आणि मधे एकदा भाचीच्या एमबीएच्या नोट्स हाती लागल्या तर त्यात हेच सगळं शास्त्रज्ञांनी प्रयोग करून लिहिलेलं, मग बसून वाचलं सगळं. बचत गटातल्या, घरून विकणाऱ्या बायका मला नेहमी विचारतात की माल चांगला असून ऑर्डर परत का येत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

निर्णय कुठे होतो ते आधी बघा

मसाला घ्यायचा निर्णय तुमच्या टेबलासमोर होत नाही. तो होतो स्वयंपाकघरात, सकाळी साडेआठला, कुकरची तिसरी शिट्टी होतेय, बाई मिसळणाचा डबा उघडते आणि गोड्या मसाल्याच्या वाटीत चमचा तळाला लागतो. त्या क्षणी तिच्या डोक्यात जी बरणी, जो चेहरा, जे नाव येतं त्याला ऑर्डर जाते. काहीच आलं नाही तर संध्याकाळी ती खालच्या किराणावाल्याकडून कुठलंही पाकीट आणते, ते बऱ्यापैकी लागलं तर पुढच्या महिन्यात तेच आणते, आणि मग ते गिऱ्हाईक गेलं, तुमचा मसाला त्याच्यापेक्षा दुपटीने चांगला असला तरी गेलं. हर्बर्ट सायमन नावाचे एक अमेरिकन अभ्यासक होते, त्यांना १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांचं म्हणणं हेच की माणूस सगळ्यात उत्तम काय ते शोधत बसत नाही, चालण्यासारखं मिळालं की शोध थांबवतो. आपल्याकडे सकाळी साडेआठला शोधाशोध करायला वेळ कुणाला आहे.

म्हणजे तुम्ही प्रदर्शनात, व्हॉट्सॲपवर, शेजारणींना जे काही सांगता, दाखवता ते सगळं त्या रिकाम्या वाटीच्या क्षणासाठी आहे. टेबलावर आज किती विकलं गेलं हे बघू नका असं नाही म्हणत, पण ती बाई घरी काय घेऊन गेली, डोक्यात काय घेऊन गेली, हे जास्त बघा.

नवी चव शिकवायची तर जुन्या चवीचा हात धरून

प्रत्येक घराची जीभ आधीच शिकलेली असते. सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडच्या बाईला कांदा-लसूण मसाला म्हणजे मसाला, नगर-सोलापूर-मराठवाड्याकडे काळा मसाला, मालवणीचं वेगळं, ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी घरातलं आणखी वेगळं, आणि पुण्यात गोडा मसाला. लहानपणी आईच्या हातचं जे खाल्लं ते माप झालं, पुढे आयुष्यभर सगळं त्याच मापाने मोजलं जातं. म्हणून मी टेबलावर पहिला प्रश्न "काय देऊ" असा कधीच विचारत नाही, मी विचारते, "ताई तुम्ही मूळच्या कुठल्या?" पुण्यात हा प्रश्न विचारला की लोक खुलून बोलतात, आणि उत्तरातच मला कळतं की ह्यांच्या जिभेवर आधीच काय आहे.

आता समजा त्या सोलापूरच्या निघाल्या. त्यांना "आमचा गोडा मसाला एक नंबर आहे" असं सांगून काहीही डोक्यात शिरत नाही, कारण त्यांच्याकडे ते ठेवायला जागाच नाही. त्याऐवजी सांगा, "तुमचा काळा मसाला असतो ना, त्याच्यापेक्षा हा सौम्य, खोबरं-तीळ-दगडफुलाचा, तिखट नाही, चिंच-गुळाच्या आमटीला आणि भरल्या वांग्याला घालून बघा." आता त्यांना कळलं. नवीन गोष्ट माणूस अशीच शिकतो, आधीच्या ओळखीच्या खुंटीला टांगून. भाजणी नोकरी करणाऱ्या नवीन मुलींना विकताना मी "पारंपरिक पौष्टिक" वगैरे बोलत नाही, मी म्हणते, "डोशाचं रेडी पीठ आणता ना, तसंच, पण कांदा-कोथिंबीर घालून थापायचं, २० मिनिटांत नाश्ता." लगेच डोळ्यात समज दिसते.

आणि वास. वासाबद्दल किती लिहू. रशियातले इव्हान पावलोव्ह कुत्र्यांच्या पचनावर काम करत होते, त्याच कामासाठी त्यांना १९०४ चं नोबेल मिळालं, त्यांच्या लक्षात आलं की कुत्र्यांना अन्न तोंडात पडायच्या आधीच, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी लाळ सुटते. आपल्याकडे फोडणीचा वास आला की "जेवायला काय आहे गं" म्हणत लोक स्वयंपाकघरात येतात ते हेच. आणि तरी आपण काय करतो, सगळी पाकिटं सील करून, हारीने लावून, त्यावर प्लास्टिक टाकून बसतो. बंद पाकिटाला कसला वास.

हे करून बघा. हॉलवाल्यांची परवानगी असेल तर छोटं इंडक्शन न्या, छोट्या कढल्यात अर्धा चमचा तेल कोमट करा, जास्त तापवायचं नाही नाहीतर मसाला जळून ठसका लागेल आणि सगळा हॉल खोकेल, त्यात चिमूटभर कांदा-लसूण मसाला सोडा. तासाला एकदा पुरे. परवानगी नसेल तर एक बरणी उघडी ठेवा, गिऱ्हाईकाच्या तळव्यावर चिमूटभर मसाला द्या आणि म्हणा, "दुसऱ्या हाताने चोळा आणि मग वास घ्या." हाताच्या उबेने खोबऱ्याचं आणि दगडफुलाचं तेल सुटतं, वास एकदम मोकळा होतो. मी पाहिलंय, बायका तो हात धूत नाहीत, पुढच्या दोन-तीन टेबलांवर जाईपर्यंत मधूनच हात नाकाशी नेतात. एकदा एक आजी तळवा हुंगून बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "आमच्या वाईच्या घरी माळ्यावर बरण्या असायच्या, तिथे असा वास यायचा." त्यांनी अर्धा किलो नेला. त्यांना मी एक शब्द मसाल्याचं कौतुक सांगितलं नव्हतं.

सॅम्पलबद्दल माझं ठाम मत आहे, फुकट देऊ नका. फुकटची पुडी पिशवीच्या तळाला जाते आणि पुढच्या आठवड्यात पिशवी झटकताना सापडते. २० ग्रॅमची पुडी २० रुपयांना द्या आणि सांगा की पुढच्या बरणीत हे २० रुपये वजा करीन. पैसे दिले की माणूस वापरतो. शॅम्पूचं सॅशे आठवा, १९८३ साली तमिळनाडूतून चिक शॅम्पूने छोट्या पुडीचा रस्ता धरला आणि पूर्ण बाटली घ्यायची ज्यांची हिंमत नव्हती त्यांनी पुडी वापरून शॅम्पू शिकून घेतला. आणि पुडी २० ग्रॅमचीच का, तर चार माणसांच्या आमटीला साधारण ५ ग्रॅम मसाला लागतो, म्हणजे चार वेळा होतो. एकदा खाल्लं तर ते "आज आमटी बरी झाली" एवढंच राहतं, तिसऱ्या-चौथ्या वेळेला घरातलं कुणीतरी म्हणतं की हल्ली आमटी वेगळी लागते, काय घालतेस. ते वाक्य यायला हवं. तिथे शिकणं पूर्ण झालं.

लक्षात राहणं

हेरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग छापले. तो अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायचा आणि किती वेळाने किती विसरलो ते मोजायचा. त्याला दिसलं ते असं की विसरण्याचा सगळ्यात मोठा भाग सुरुवातीलाच होतो, पहिल्या तासाभरात, पहिल्या दिवसात, आणि त्यानंतर जे उरतं ते हळूहळू झिजतं. मधे मधे उजळणी झाली की मात्र टिकतं.

प्रदर्शनात त्या बाईने ४० टेबलं बघितलेली असतात, साड्या, मेणबत्त्या, पर्स, अजून चार मसालेवाल्या. रात्री झोपेपर्यंत तुमचं नाव गेलेलं असतं. मग आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे एकच खूण धरा आणि सोडू नका. माझं झाकण पिवळं. आता मी पिवळी झाकणं वर्षाची एकदम घेऊन ठेवते, माळ्यावर पोतं आहे. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ पासून आहे, निर्माच्या पुड्यावरची पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी कित्येक वर्षं तशीच गिरकी घेतेय, त्यांना बदलायला पैसे नाहीत म्हणून नव्हे, तर लोकांच्या डोक्यात बसलेली गोष्ट हलवायची नसते म्हणून. आपल्याला स्वतःचं लेबल रोज बघून कंटाळा येतो आणि नवीन डिझाईन करावंसं वाटतं, पण गिऱ्हाईक ते वर्षातून सहा वेळा बघतं, त्याला कुठला कंटाळा. नाव छोटं ठेवा, तोंडी सांगता येईल असं. "श्री अमुक तमुक महिला गृहउद्योग फूड प्रॉडक्ट्स" हे लेबलवर खाली पत्त्यात ठीक आहे, पण शेजारीण शेजारणीला सांगताना हे नाव घेणार नाही. तिला दोन शब्द द्या.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही आणि ती फार महत्त्वाची आहे. बायका मसाला पाकिटात ठेवत नाहीत! घरी गेल्या गेल्या पाकीट फाडून स्टीलच्या डब्यात ओततात, त्यातला थोडा मिसळणाच्या डब्यातल्या वाटीत, आणि तुमचं नाव, नंबर, लेबल, सगळं केराच्या टोपलीत. ज्या दिवशी वाटी रिकामी होते त्या दिवशी समोर तुमचं काहीच नसतं. हे मला कळायला सात वर्षं लागली, एका गिऱ्हाईक ताईंच्या घरी डिलिव्हरी द्यायला गेले होते आणि त्यांनी माझ्यासमोरच पाकीट ओतून रिकामं केलं तेव्हा. तेव्हापासून रिफिल पाकिटासोबत मी एक छोटं स्टिकर देते, फक्त "गोडा मसाला", माझं दोन शब्दांचं नाव आणि मोबाईल नंबर, पाण्याने न निघणारं, आणि देताना सांगते की हे डब्याच्या झाकणाला आतून लावा. आतून यासाठी की बाहेरून लावलेलं डबा घासताना निघतं. वर्षभरात परतीच्या ऑर्डरी नीट वाढल्या त्या ह्या स्टिकरने, दुसरं मी काही बदललं नव्हतं.

तिसरं, मेसेज. रोज गुड मॉर्निंग, फुलं, सुविचार पाठवू नका, लोक म्यूट करतात आणि मग तुमचा कामाचा मेसेजही जातो. मी एका गिऱ्हाईकाला एका खरेदीमागे तीनच मेसेज करते. एक दुसऱ्या दिवशी, कारण विसरणं तेव्हाच जोरात असतं: "ताई, कालचा गोडा मसाला आमटीला उकळी आल्यावर घाला, फोडणीत नको." दुसरा साधारण आठवड्याने: "वापरला का? तिखट-मिठाचं काही सांगायचं असेल तर मोकळेपणाने सांगा." आणि तिसरा हिशोबाने. २०० ग्रॅमची बरणी, रोज ५ ग्रॅम, म्हणजे ४० दिवस. मी ३५ व्या दिवशी विचारते, "मसाला संपत आला असेल, ठेवू का बाजूला?" संपल्यावर विचारलं तर उशीर झाला, किराणावाल्याकडचं पाकीट घरात आलेलं असतं. जास्त माणसांचं घर असेल तर दिवस कमी धरा. वहीत घरात माणसं किती ते लिहून ठेवायचं, एवढं तर विचारता येतंच.

टेबलावर किती मांडायचं

मी सुरुवातीला १७ प्रकार मांडायची. चटण्या पाच, मसाले चार, भाजण्या तीन, पापड, सांडगे, सगळं. लोक थांबायचे खूप, हे काय ते काय विचारायचे, आणि "एक राऊंड मारून येते" म्हणून जायचे. परत यायचे ते थोडेच.

२००० साली शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या दोन अभ्यासकांचा जॅमचा प्रयोग छापून आला, कॅलिफोर्नियातल्या एका दुकानातला. टेबलावर २४ जॅम ठेवले तेव्हा थांबणारे जास्त होते, पण घेणारे थांबलेल्यांपैकी १०० त ३, आणि ६ जॅम ठेवले तेव्हा थांबलेल्यांपैकी १०० त ३० जणांनी घेतला. हा प्रयोग सगळीकडे सांगतात पण पुढचं सांगत नाहीत, नंतर इतरांनी असेच प्रयोग केले तेव्हा प्रत्येक ठिकाणी असं दिसलं नाही. मला विचाराल तर याचं उत्तर गिऱ्हाईकात आहे. ज्या बाईला पक्कं ठाऊक आहे की मला मेतकूट हवंय, तिला १७ प्रकारांचा त्रास नाही, ती सरळ मेतकूट उचलते. गोंधळते ती जिला काय हवंय ते अजून माहीत नाही, आणि प्रदर्शनात अशाच जास्त असतात. म्हणून आता पुढे ६ ठेवते, बाकीचे खाली क्रेटमध्ये, विचारलं की काढते. यादीतही पहिला आणि शेवटचा पदार्थ लोकांच्या जास्त लक्षात राहतो, मधले विरघळतात, तर तुमचं जे सगळ्यात भरवशाचं आहे ते वर आणि खाली. मी वर गोडा मसाला, शेवटी भाजणी.

भीती काढली की हात पर्समध्ये जातो

आता खरं घोडं इथे अडतं. बाईला वास आवडला, चव आवडली, तरी ती उभी राहते आणि पाकीट उलटसुलट करते. तिच्या मनात काय चाललंय ते ऐकायला शिका. तिखट जास्त झालं तर मुलं खाणार नाहीत. खोबरं खवट निघालं तर. रंग घातला असेल का. सासूबाईंना नाही आवडलं तर "कशाला आणलंस" ऐकावं लागेल. डॅनियल काह्नेमान आणि एमॉस त्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की तेवढाच फायदा आणि तेवढाच तोटा समोर असला तर माणसाला तोटा जास्त बोचतो. म्हणून तुम्ही मसाल्याचे दहा गुण सांगत बसलात तरी ती एक भीती जड भरते. गुण कमी सांगा, भीतीला उत्तर द्या.

त्यासाठी, एकतर लेबलवर कुटल्याची तारीख ठळक लिहा, नुसती एक्स्पायरी नको. एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेचं सरकारी रजिस्ट्रेशन घ्या, छोट्या उद्योगाला साधं रजिस्ट्रेशन मिळतं, तो १४ आकडी नंबर छापा, त्याने माणूस निर्धास्त होतो. घटक सगळे लिहा, मिरची कुठली ते सुद्धा: ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. रंगाची शंका असेल तर ब्याडगी मिरचीचा एक तुकडा टेबलावर कोमट तेलाच्या वाटीत टाकून ठेवा, तिचा स्वतःचा रंग किती उतरतो ते दिसतं, मग बोलावं लागत नाही. आणि परतीची हमी. मी सांगते, "नाही आवडला तर अर्धी बरणी वापरलेली असली तरी परत आणा, पैसे परत." हे ऐकल्यावर खांदे सैल पडतात, अक्षरशः दिसतं ते. गेल्या दिवाळीपासून माझ्या दोन बरण्या परत आल्यात, त्यातली एक तिखट जास्त लागलं म्हणून, तिच्यातूनच मला कळलं की कांदा-लसूणमध्ये "मध्यम" असा वेगळा प्रकार हवा.

किमतीचं पण असंच. किंमत महाग की स्वस्त हे गिऱ्हाईक नुसत्या त्या एका आकड्यावर ठरवत नाही, शेजारी कुठला आकडा ठेवलाय त्यावर ठरवतं. काह्नेमान आणि त्वर्स्की यांचाच १९७४ चा प्रयोग आहे, लोकांसमोर एक आकड्यांचं चाक फिरवायचे, ते १० वर किंवा ६५ वरच थांबेल असं केलेलं होतं, आणि मग विचारायचे की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश शेकडा किती. ज्यांनी १० बघितला त्यांचा अंदाज साधारण २५ यायचा, ज्यांनी ६५ बघितला त्यांचा ४५. चाकाचा आणि उत्तराचा काही संबंध नाही तरीही! आपल्याकडे बाई तुमच्या बरणीच्या १८० रुपयांशेजारी किराणातल्या पाकिटाचा आकडा ठेवते, आणि मग १८० डोंगर वाटतो. मी तिथे दुसरा आकडा ठेवते, खरा आकडा: "१८० ची बरणी ४० दिवस जाते, म्हणजे सगळ्या घराच्या आमटीला दिवसाला साडेचार रुपये." हे पाटीवरच लिहून ठेवलंय.

पण खोटा आकडा ठेवू नका. ३०० छापून त्यावर काट मारून १८० लिहायचं, "शेवटची ३ पाकिटं" म्हणायचं आणि खाली क्रेट भरलेलं, हे मला अजिबात पटत नाही. ऑनलाईन विक्रीत अशी खोटी घाई करणं तर ३० नोव्हेंबर २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालत नाही, त्यात अशा १३ फसव्या युक्त्यांची यादीच आहे. कायदा राहू द्या बाजूला, ती बाई तुमच्याच सोसायटीतली असते, तिने संध्याकाळी परत येऊन बघितलं की पाकिटं अजून १५ आहेत, की ती काय शिकली? ती हे शिकली की तुमच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही, आणि हे शिकलेलं ती विसरत नाही. मिरची महागली आणि भाव वाढवावा लागला तर मेसेज करून सांगा, मिरचीचा जुना आणि नवा भाव लिहा. गुपचूप २०० चे १८० ग्रॅम करू नका. ज्या बायका रोज डब्यात मसाला ओततात त्यांना डबा कुठपर्यंत भरतो ते डोळ्यांनी ठाऊक असतं.

आणि घरात ठरवणारं माणूस एकच नसतं. वास बाई घेते, चवीचा शेरा सासूबाईंचा, तिखटाचा निकाल मुलांचा, आणि यूपीआय कधीकधी नवऱ्याच्या फोनवरून. परदेशी मुलाला पाठवायचं असेल तर आई घेते पण अट मुलाची असते, बॅगेत फुटायला नको, वास पसरायला नको. त्यांना व्हॅक्यूम पॅक दाखवा, मसाल्याच्या चवीचं बोलायची गरजच नाही, चव त्यांना ठाऊक आहे.

पहिला वापर बिघडला तर दोष मसाल्याला

ह्याच्यावर माझा फार जीव आहे कारण इथे चांगला माल हकनाक बदनाम होतो. गोडा मसाला तापल्या तेलात घातला की तीळ-खोबरं जळतं आणि आमटी कडवट होते. बाई असं म्हणत नाही की मी चुकले, ती म्हणते मसाला कडू आहे, आणि तेवढंच शिकते. भाजणी गार पाण्यात भिजवून लगेच थापली तर थालीपीठ चिरतं, ती म्हणते भाजणी जुनी आहे. म्हणून प्रत्येक पाकिटावर एकच पदार्थ, चार ओळीत, मोठ्या अक्षरात: भाजणीला गरम पाणी, बारीक कांदा, थोडं तेलाचं मोहन, १५ मिनिटं झाकून ठेवा, मग थापा. रेसिपीचं पुस्तक देऊ नका, एकच पदार्थ. तो जमला की पुढचे ती स्वतः शोधते आणि तुम्हाला फोटो पाठवते.

विकत घेतल्यावर माणसाच्या मनात थोडी धाकधूक राहते, उगाच घेतलं का, १८० गेले. दुसऱ्या दिवशीच्या त्या मेसेजने ती धाकधूकही जाते, म्हणून तो चुकवू नका.

चव हलली की सगळं पुसलं जातं

लिज्जत पापडाची गोष्ट आपल्याला माहीत असते, १९५९ साली गिरगावात ७ बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं. पण त्यात शिकण्यासारखं वेगळंच आहे. तिथे पीठ केंद्रावर मळलं जातं, बायका तेच मळलेलं पीठ घरी नेऊन लाटतात आणि पापड परत आणून देतात. हात शेकडो, पीठ एक. म्हणून कुठल्याही घरात तळलेला लिज्जत तसाच लागतो.

माझा एक वर्षी घात झाला होता. मार्चात नेहमीच्या व्यापाऱ्याकडे मिरची कमी पडली म्हणून दुसरीकडून २० किलो घेतली, वरून लाल दिसत होती, आत ओल होती. रंग बसला नाही, मसाला लवकर जुनाट वासाचा झाला. जुन्या दोन गिऱ्हाईकांनी काही न बोलता घेणं बंद केलं. त्यांतल्या एक ताई माझ्याकडून सहा वर्षं घेत होत्या. सहा वर्षांत जे शिकवलं ते एका घाण्याने गेलं.

तेव्हापासून मिरची हातात चुरगाळून, देठ मोडून, एक बी चावून घेतल्याशिवाय पोतं उचलत नाही, आणि उन्हात तीन दिवस कडक वाळल्याशिवाय डंकावर नेत नाही. प्रत्येक घाण्याची १०० ग्रॅमची बाटली तारीख टाकून ठेवते, नवा घाणा आला की जुन्या बाटलीशेजारी ठेवून रंग, वास, आणि दोन्हीची वाटीभर आमटी करून घरातल्या कुणालातरी न सांगता चाखायला देते. फरक सांगितला तर तो घाणा लेबल लावून विकायचा नाही, सरळ सांगून कमी भावात द्यायचा.

आणि वही. फोन नको, वही, पिठाचे हात असले तरी लिहिता येते. माझ्या वहीत एका गिऱ्हाईकाला एक ओळ: नाव, मूळ गाव, घरात माणसं किती, काय नेलं, कुठल्या तारखेच्या घाण्यातलं, ३५ वा दिवस कधी, आणि शेवटच्या रकान्यात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा आपल्या मालाचं काय नाव घेऊन विचारलं ते त्यांच्याच शब्दात. "ते खोबऱ्याच्या वासाचं." "वाईसारखं." त्या काकूंच्या ओळीत "पिवळं झाकण" लिहिलंय.